आमची नऊ जणांची चौथी

आमच्या घरी दिवस ढेकीनं सुरू व्हायचा. माय आणि माझी मोठी बहीण पायानं ढेकीचं लाकूड दाबायच्या, ते वर उचललं जायचं आणि धान भरलेल्या खळग्यात धप्पकन पडायचं. त्या आवाजानं शेजारपाजारचे उठायचे, मी तेवढी झोपून राहायचे. देवानं हिला कानात बोळे घालूनच पाठवलं, असं माय म्हणायची. मला जाग यायची ती ढेकी थांबल्यावर, कारण त्यानंतर चूल पेटायची आणि तांदळाच्या पिठाच्या भाकरी तव्यावर पडायच्या. सोबत लाखोरीची डाळ किंवा रात्रीच्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. तेवढ्यात दरेकशाच्या घाटातून मालगाडी चढायची. ती दिसत नसे, पण तिचं धापा टाकणं आमच्या अंगणापर्यंत यायचं आणि गाडी चढली की माय म्हणायची, "आता तरी उठ, इंजनबी घाट चढून गेला." आम्ही घरात पोवारी बोलायचो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी ते गावच्या बोलीत लिहिते आहे.

बाबूजी गावातले मोठे शेतकरी. तलावाखालच्या साऱ्या चांगल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आमच्या होत्या. आमचे पूर्वज माळव्यातून आले हे ते पाहुण्याला चहाच्या दुसऱ्या घोटालाच सांगायचे, जणू कालच बैलगाडीतून सामान उतरवलं होतं. माणूस वाईट नव्हता. कुणाची बैलबंडी चिखलात फसली तर स्वतःचे बैल सोडून धावत जायचा. पण आपलं आणि दुसऱ्याचं यात एक रेघ त्यांच्या मनात होती आणि ती रेघ कुठून जाते हे आम्हा मुलांना न सांगता कळायचं. माझ्या दोन मोठ्या बहिणी चौथी झाल्यावर घरी बसल्या होत्या, कारण गावात शाळा चौथीपर्यंतच आणि पुढची शाळा बाघ नदीच्या पलीकडे. पोरींना नदीपार पाठवायची रीत नव्हती. बहिणींनी कुरकुर केली नाही. मी मात्र तिसरीत असल्यापासून मनाशी ठरवलं होतं की मला ढेकीवर उभं राहायचं नाही.

शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. शेंडे गुरुजी एकटे चारी वर्ग सांभाळायचे. ते पवनीकडचे, उंच, बारीक, सदऱ्याच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. पडवीत पहिली-दुसरी बसायची आणि तिथली बरीचशी मुलं टोल्यावरची, म्हणजे नाल्यापलीकडच्या गोंडांच्या वस्तीतली. त्यांना गोंडी येई, गुरुजींना मराठी. गुरुजी आल्याच्या पहिल्या वर्षी ही मुलं चार दिवस आली, गुरुजींच्या तोंडाकडे बघत बसली आणि पाचव्या दिवशी नाल्यात खेकडे धरायला गेली. पुढे ती रोज यायला लागली ती सुकवारोमुळे.

सुकवारो माझ्याच वर्गात होती, पण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. उशिरा शाळेत आलेली. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. टोल्यावर अशी वाराची नावं पुष्कळ होती, आणि कुणी दुसरंच नाव घेऊन फिरत असला तरी त्याचा जन्मवार सुकवारोला ठाऊक असायचा. सकाळी ती टोल्यावरची दहा-बारा पोरं एकामागं एक नाल्यातून आणायची, सगळ्यांत धाकट्याला कडेवर घेऊन. शाळेत आल्यावर गुरुजी पडवीत जे सांगत ते ती गोंडीत सांगायची. एकदा गुरुजींनी पाण्याचे उपयोग सांगितले, पाणी पिण्यास लागते, पाणी शेतीस लागते वगैरे. सुकवारोनं ते सांगितलं आणि सगळी पडवी खदखदून हसली. गुरुजींनी विचारलं, "मी एवढंच म्हटलं, तर हे हसले कायले?"

"तुमचं त्याईले कोरडं लागते, गुरुजी," ती म्हणाली. "मीनं त्यात एक बैल टाकला."

त्या दिवसापासून गुरुजीही धड्यात बैल टाकायला लागले. पडवीत कोण उपाशी आलं आहे, कुणाच्या अंगात ताप आहे, कुणाच्या घरी रात्री भांडण झालं, हे सारं तिच्याकडून गुरुजींना कळायचं. तिचं स्वतःचं वाचन तेवढं हळू होतं. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत ती एकेक शब्द उचलायची. मी भराभर वाचायचे. तिचं बोट अर्ध्या ओळीत असायचं तेव्हा माझा धडा संपलेला असायचा, आणि मला त्याचा गर्व होता. मी तिची मैत्रीण होते हेही खरं. दोन्ही गोष्टी एका मनात आरामात राहतात, हे मला पुढे आयुष्यात अनेकदा दिसलं.

आता मी मुलाकडे बिरसीजवळ राहते. दिवसभर डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं घरघरत असतात. माझी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जेवणं झाली की ती ओसरीत बसून मोबाईलमध्ये मुलांचे गुण भरते, एका मुलाला चार-पाच रकाने. परवा म्हणाली, "आई, आमच्या केंद्रात आमचीच शाळा सगळ्यांत खाली दिसते हो. एवढं करूनही." ती काय करते ते मला माहीत आहे. वीटभट्टीवरून परत आलेल्या दोन भावांना तिनं शाळेची गोडी लावली, ते मी डोळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, ते नाही का भरता येत? ती हसली. तेव्हाच ठरवलं की आमच्या चौथीचं प्रकरण लिहून टाकायचं. तोवर ते मी कुणालाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

चौथीच्या वर्षी वरून कागद आला. चौथीची परीक्षा आता केंद्रावर होणार, दुसरे मास्तर पेपर तपासणार, आणि ज्या शाळेचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागेल तिथं पाचवीचा वर्ग आणि दुसरा शिक्षक मिळेल. गुरुजींनी हे आमच्या ओसरीवर येऊन सांगितलं, कारण परीक्षेला न्यायला बंडी आमचीच लागणार होती. आमची चौथी नऊ जणांची. बाबूजींना हिशेब लगेच कळला. परीक्षेला बसलेल्या नऊमधला एक जरी नापास झाला तरी नव्वद भरत नाहीत.

मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते आणि कान ओसरीकडे होते.

"गुरुजी, त्या टोल्यावरच्या पोरीले कायले नेऊन राहिले?" बाबूजी म्हणाले. "एकटी नापास होईन आन् साऱ्यांचा वर्ग बुडवीन."

"हजेरीत नऊ नावं आहेत, बिसेनजी. नऊच्या नऊ बंडीत बसतील."

"पाचवा वर्ग तुमालेबी पायजे ना?"

"पायजे. तिच्यासाठीही पायजे. सावकाश लिहिलं तर पास होईल ती."

बाबूजींनी पुन्हा विषय काढला नाही. चहा संपला, गुरुजी गेले. बाबूजींनी मला काही सांगितलं नाही, कुणीच मला काही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढची बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली की मोठ्यांच्या मनात होतं तेच माझ्या हातून झालं. तसं नाही. मोठ्यांनी विषय सोडून दिला होता. मी सोडला नाही.

परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे मोहाचा हंगाम असतो. पहाटेपासून फुलं गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, तिच्यावर ती पिवळट, रसाळ फुलं टपटप पडत राहतात आणि सगळ्या रानाला गोड, जडसर वास येतो. झाडं वाटून घेतलेली असतात. आमच्या झाडाचा मोह सुकवारोच्या घरचे अर्ध्या वाट्यानं वेचायचे, आणि हंगामात मीही हौसेनं टोपली घेऊन जायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी एकाच झाडाखाली होतो. तिचे हात चिमणीनं दाणे टिपावे तसे चालायचे. माझी टोपली अर्धीही भरली नव्हती.

"उद्या बंडीत मी तुयाजवळ बसीन," ती म्हणाली. "सारं विसरल्यासारखं वाटून राहिलं मले."

मी खाली बघत फुलं उचलत म्हटलं, "उद्या नाही आता. परीक्षा पुढे गेली."

"कोणं सांगतलं?"

"बाबूजीनं. गुरुजी दिवस सांगतीन म्हणे."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरंच झालं. माय उद्या पहाडीवरच्या झाडाले जाऊन राहिली. तिच्यासंग जातो मी." आणि माझी टोपली रिकामी दिसली म्हणून तिनं तिच्यातली दोन ओंजळी फुलं माझ्या टोपलीत टाकली. मी ती घेतली. घरी आले तेव्हा माय म्हणाली, आज बरीच वेचलीस.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बंडी शाळेसमोर उभी राहिली. आम्ही आठ जण पुठ्ठे-पेन्सिली सांभाळत बसलो. मायनं सगळ्यांसाठी पोह्यांचा चिवडा बांधून दिला होता, भाजलेली मोहफुलं आणि जवस कुटून केलेले लाडूही होते. गुरुजींनी आम्हाला मोजलं आणि विचारलं, "सुकवारो काऊन नाही आली?" कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मायसंग पहाडीवर गेली, मोहाले." गुरुजी टोल्याच्या वाटेला निघालेसुद्धा होते. बाबूजी बैलांचे कासरे धरून उभे होते, त्यांनी हाक मारली, "गुरुजी, पहाडीवर कुठं शोधता? तिकडं पेपर सुरू होऊन जाईन. आठ पोरं बुडवता काय एकीसाठी?" गुरुजी थांबले. नाल्याकडे बघत राहिले. मग येऊन बंडीत बसले. बाबूजींना माझी लबाडी तेव्हा माहीत नव्हती, पुढेही कळली नाही. त्यांना वाटलं, आपली अडचण देवानंच दूर केली.

पेपर सोपे गेले. मला सगळं येत होतं आणि सुवाच्य अक्षरात मी ते सगळं लिहिलं. दुपारी झाडाखाली चिवडा खाताना मी पुष्कळ बडबड केली, इतकी की बरोबरच्या एका मुलानं विचारलं, हिला आज काय झालं? परत येताना मात्र नाल्याजवळ बंडी आली तशी मी बाकीच्या मुलांच्या आड सरकून बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्या नाल्यावर समजलं. सुकवारो पहाडीवरून परतताना रिकाम्या शाळेसमोर येऊन गेली असेल का, तिला कुणी सांगितलं असेल का, ती माझं नाव घेईल का, हेच डोक्यात फिरत होतं. तिची परीक्षा गेली याचं दुःख नव्हतं. माझं नाव येईल याची भीती होती. मला हे लिहितानाही लाज वाटते.

त्याच संध्याकाळी गुरुजी टोल्यावर जाऊन आले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सुकवारोच्या नावावर थांबले आणि वहीतून मान वर न करता म्हणाले, "सुकवारो म्हणते, ती वार विसरली." पुढचं नाव घेतलं. साऱ्या टोल्याचे जन्मवार जिला पाठ, ती वार विसरली. ती मला पाठीशी घालते आहे हे वर्गात मला कळलं आणि गुरुजींनाही कळलं असणार. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. त्यांनी विचारावं, छडी मारावी, बाबूजींना सांगावं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

निकाल लागला. आठच्या आठ पास. जे बसले नाहीत ते मोजायचे नाहीत असा नियम होता, त्यामुळे शंभर टक्के. जून संपता संपता पाचवीचा वर्ग आला, दुसरे मास्तर आले, बाबूजींनी गावात गूळ-खोबरं वाटलं. गुरुजी सुकवारोच्या मायकडे गेले, म्हणाले एक वर्ष पुन्हा चौथीत बसू द्या. ती बाई म्हणाली, पोरगी मोठी झाली गुरुजी, आता धानाच्या रोवणीले हात पायजेत. माणसं आपली वाट अशी साध्या वाक्यांनी बंद करतात. मी पाचवी केली, गावात वर्ग वाढत गेले तशी सातवी केली, पुढे गोंदियाला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले, नर्स झाले. छत्तीस वर्षं गावोगाव बाळंतपणं केली. चांगली नर्स होते असं लोक म्हणतात. ते सारं त्या पाचवीवर उभं आहे, आणि ती पाचवी कशावर उभी आहे हे तुम्ही वाचलंच.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात टोल्यावरची सात-आठ पोरं आली. कुणी आणलं नव्हतं, आपली आपणच आली आणि पडवीत बसली. गुरुजींनी मला पाचवीतून उठवलं. "देवका, पडवीत जाऊन बस. मी सांगतो ते त्यांना समजावून सांग."

"मले गोंडी नाही येत, गुरुजी."

"माहीत आहे. तरी बस."

मी बसले. गुरुजी धडा सांगत होते, पोरं माझ्याकडे बघत होती. मी तोच धडा मोठ्यानं मराठीत म्हटला, हातवारे केले, त्यात बैलही टाकून बघितला. कुणी हसलं नाही. मंगलू नावाचा सगळ्यांत लहान मुलगा, ज्याला ती कडेवर आणायची, माझ्या परकराला धरून काहीतरी विचारायला लागला. त्या सगळ्या बोलण्यात मला एकच शब्द कळला, सुकवारो. मी म्हटलं, ती नाही येणार. त्याला ते समजलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मला रडताना बघून तो घाबरून रडायला लागला. गुरुजींनी मला उठवलं नाही. सुट्टीपर्यंत मला तिथंच बसवलं. छडीपेक्षा ते जास्त लागलं, आणि मला वाटतं ते मला लागावं अशीच त्यांची इच्छा होती.

रोवणी सुरू होईपर्यंत टोल्याची पोरं एकेक करून यायची थांबली. आधी दोघं भाऊ, मग एका घरच्या तिघी, शेवटी मंगलू. पडवी इतकी शांत झाली की छपराची गळती मोजता यायची. त्याच दिवसांत निकाल चांगला लागला म्हणून एक साहेब शाळा बघायला आले. त्यांनी पाचवीचा वर्ग बघितला, माझ्याकडून कविता म्हणवून घेतली, गुरुजींची पाठ थोपटली आणि कागदावर लिहायला घेतलं. गुरुजी म्हणाले, "साहेब, पहिली-दुसरीतली आठ मुलं महिन्याभरात शाळेतून गेली. ते कुठं लिहू?" साहेबांनी कागद खाली-वर करून बघितला. बरे गृहस्थ होते, खरंच शोधत होते. म्हणाले, "ते यात विचारलेलंच नाही हो." निघताना सांगून गेले, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर निकाल मोठ्या अक्षरात लिहा, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसला पाहिजे.

नव्या मास्तरांनी चुन्यात गेरू कालवून दिला. अक्षर सगळ्यांत चांगलं माझं, म्हणून काम माझ्याकडे आलं. गुरुजी आत वर्गात होते, बाहेर आले नाहीत. दुपारची उघडीप होती. मी स्टुलावर चढून लिहीत होते, "चौथी निकाल शंभर टक्के." शेवटची मात्रा काढत असताना मागून आवाज आला. सुकवारो होती. आमच्याच बांधीतून रोवणी करून परतत होती, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, डोक्यावर मोरा, म्हणजे पानांचं इरलं. परीक्षेनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. मी स्टुलावरून उतरले.

ती भिंतीकडे बघत होती. तिनं बोट उचललं आणि लांबूनच एकेका अक्षरावर फिरवत, ओठ हलवत वाचायला लागली. चौ-थी. नि-का-ल. सावकाश वाचलं, पण पूर्ण वाचलं, एकही अक्षर चुकलं नाही.

"शंभर टक्के म्हंजे सप्पाच ना?" तिनं विचारलं. "एकबी पोरगं राहलं नाही, असंच ना?"

तिला खरंच विचारायचं होतं की माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, हे आज इतक्या वर्षांनीही मला ठरवता येत नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती उत्तराची वाट बघत उभी होती.

मी म्हटलं, "हो."